गाडीचे गुडघे

यंत्रे दोन प्रकारांनी निकामी होतात. काही एका क्षणात मोडतात. दिवा विझतो, पट्टा तुटतो, गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहते, आणि मालकास धावाधाव करावीच लागते. काही मात्र झिजत झिजत जातात. ह्या दुसऱ्या प्रकारात कालच्यापेक्षा आज काही निराळे आहे असे वाटण्याजोगा दिवस कधी उगवतच नाही. मनुष्याच्या अंगी सवय म्हणून जो गुण आहे तो येथे त्याचा वैरी होतो. रोज केसाएवढी वाढणारी गैरसोय तो रोज गिळतो, आणि दोन वर्षांनी डोंगराएवढी गैरसोय पोटात घालून ‘सर्व ठीक आहे’ असे सांगतो. मोटारीच्या पुढल्या चाकांवर धक्के पिणारे जे दोन खांब असतात ते ह्या दुसऱ्या जातीचे होत. गॅरेजात त्यांना कोणी ‘शॉकअप’ म्हणतात, कोणी ‘स्ट्रट’ म्हणतात. ज्याचा जन्म पुस्तकांत गेला अशा आमच्यासारख्याने ह्या विषयावर लेखणी उचलावी हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात ह्या दोन खांबांनी आमच्या घरास जेवढा विचार करावयास लावला, तेवढा एखाद्या ग्रंथाने क्वचितच लावला असेल.

आमची गाडी म्हणजे एक जुनी मारुती ओम्नी. गुडगावच्या कारखान्यातून ही जात प्रथम १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ ह्या साध्या नावाने बाहेर पडली; १९८८ साली तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले, आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षे जवळजवळ एकाच आकृतीने ती ह्या देशात हिंडली. शाळेची मुले, दुधाचे कॅन, रुग्ण, वऱ्हाडी आणि आमच्या डोंगरावर स्ट्रॉबेरीच्या पेट्या, ह्यांपैकी कशासही तिने कधी नाही म्हटले नाही. तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचे, पुढल्या आसनांखाली बसविलेले. चाके बारा इंची. मागे बैलगाडीच्या पिढीस ओळखीचे वाटावेत असे पोलादी कमानपाटे, आणि पुढे आमचे हे दोन खांब. आम्ही ही गाडी २००८ साली घेतली. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणून २०२३ साली तपासणी करवून आणि पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षांची मुदत मिळविली. पुढचे खांब २०१६ साली एकदा बदलले होते. त्यानंतर त्यांच्यावरून लाखाहून अधिक किलोमीटर गेले, व ते सर्व बहुतेक एकाच रस्त्याचे.

तो रस्ता महाबळेश्वराहून पाचगणीवरून वाईस उतरणारा. आम्ही राहतो डोंगरावर आणि शिकवितो वाईस; एकूण अंतर तेहतीस किलोमीटरांच्या आसपास. त्यांतले शेवटचे बारा किलोमीटर पसरणीच्या घाटाचे, आणि तेवढ्यात रस्ता सुमारे पावणेसहाशे मीटर खाली येतो. उतारावर ब्रेक लावला म्हणजे गाडीचा भार पुढे झुकतो, हे घाटात गाडी हाकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ओम्नीस पुढे नाक नाही; इंजिन, चालक व त्याच्या शेजारचा मनुष्य हे सर्व पुढल्या चाकांच्या जवळच बसतात. म्हणजे आधीच पुढे असलेल्या भारात प्रत्येक वळणावर आणखी भर पडते, आणि ती सोसावयाची ह्या दोन खांबांनी.

त्यात आमचा पाऊस. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरीने साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये तर चोवीस तासांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला आणि पोलादपुराकडे उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. अशा पावसात रस्ता टिकत नाही ह्याचे कारण सर्वस्वी माणसाच्या लबाडीत शोधण्याचे प्रयोजन नाही. डांबर आणि खडी ह्यांचा जो चिकटा असतो तो पाणी हळूहळू सोडविते. वरून चाक गेले की सुटलेली खडी उडते, खळगा पडतो, खळग्यात पुन्हा पाणी साचते, आणि आषाढात जो ताटलीएवढा असतो तो भाद्रपदात परातीएवढा होतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चालकास दिसत नाही. ती प्रथम चाकास कळते व नंतर पाठीच्या कण्यास.

आमच्या आईच्या पाठीचा कणा हाच ह्या प्रकरणातील खरा मुद्दा होता. तिचे वय ब्याऐंशी. हाडे ठिसूळ झाल्यामुळे तीन वर्षांपूर्वी तिचा एक मणका दबला. औषधे झाली, कमरेचा पट्टा झाला, आणि डॉक्टरांनी गाडीतील हिसके टाळण्याची ताकीद दिली. तिची धाकटी बहीण वाईस राहते. चार भावंडांपैकी ह्या दोघीच आता उरल्या आहेत, आणि महिन्यातून एक दिवस एकत्र जेवावयाचे हा त्यांचा अलिखित करार आहे. गेल्या चैत्रात घाट उतरताना मधल्या बाकावरून आई म्हणाली, “अरे, तुझी ही गाडी हल्ली ब्रेक लावला की देवाला नमस्कार करते. आणि खड्ड्यातून वर आली की किती वेळ मान डोलवत बसते!” आणि घरी परतल्यावर अगदी सहज सांगितल्यासारखे म्हणाली, “पुढल्या महिन्यापासून मी काही वाईला येत नाही. फोनवर बोलेन तिच्याशी.”

आईस मोटारीच्या यंत्राचा गंध नाही. तथापि तिने जी दोन लक्षणे सांगितली तीच दोन कोणताही जाणता कारागीर सांगेल. चालकाचे अंग येणारा खड्डा पाहून आधीच सावरलेले असते. त्याच्या हातात चाक असते, पाय रोवलेले असतात. मागे बसलेल्याजवळ ह्यांपैकी काही नसते. गाडी कशी चालते हे चालकास विचारावे. परंतु गाडी कशी आहे हे बसणाऱ्यास विचारावे, असा नियम आम्ही तेव्हापासून मानतो.

हे खांब करतात तरी काय? पुष्कळांची समजूत अशी की धक्का शोषून घेण्याचे काम स्प्रिंगचे. वस्तुतः स्प्रिंग धक्का शोषीत नाही, उधार घेते. खड्ड्यात चाक आदळले की ती दबते, आणि घेतलेले सर्व दुसऱ्याच क्षणी परत करते. मग गाडी उसळते, खाली येते, पुन्हा उसळते. नुसत्या स्प्रिंगवर बसविलेली गाडी एका खड्ड्याचे दुःख दहा वेळा सांगत राहील. म्हणून स्प्रिंगच्या पोटात तेलाने भरलेली एक बंद नळी असते. तिच्यात दट्ट्या वरखाली होतो, आणि दट्ट्यास बारीक भोके व झडपा असतात. चाक वर आले की तेलास त्या भोकांतून वाट काढावी लागते. ह्या ओढाताणीत धक्क्याचा जोर उष्णतेत रूपांतर पावतो आणि नळीच्या अंगावरून वाऱ्यात निघून जातो. खळग्यांच्या रस्त्यावरून नुकत्याच आलेल्या गाडीच्या ह्या नळ्या हातास ऊन लागतात, ती उष्णता म्हणजे आपल्या पाठीस न बसलेले धक्के होत. हळू दाबल्यास तेल निमूटपणे वाट देते. जोराने दाबल्यास तितक्याच जोराने अडते.

यंत्रे येण्यापूर्वी हेच काम मनुष्य करीत असे. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या संमतीने १८२८-२९ च्या सुमारास येथे गिरिस्थान वसविले. त्या काळी घाट चढणारा सधन मनुष्य पालखीत नाहीतर मेण्यात बसे. पालखीस ना कमान, ना स्प्रिंग. तिला भोई असत. खाचखळग्यांत भोयाचा गुडघा नेमका तितकाच वाके आणि आतल्या माणसाच्या पोटातील पाणी हलत नसे. दांडीला झोका बसू नये म्हणून भोई एका पावलाने चालत नसत, मुद्दाम पावले चुकवीत. आज भोयांचे ते गुडघे तेलाच्या नळीत गेले आहेत. माणसाच्या खांद्यावरून माणूस उतरला ही गोष्ट फार चांगली झाली. फक्त इतके खरे की भोई दमला म्हणजे बोलून दाखवी, नळी बोलत नाही.

आमच्या गाडीस जी रचना आहे तिला मॅकफर्सन ह्या अमेरिकन अभियंत्याचे नाव आहे. अर्ल मॅकफर्सन ह्याने दुसरे महायुद्ध संपत असता जनरल मोटर्समध्ये एका लहान व स्वस्त मोटारीचे काम हाती घेतले. ती मोटार बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेला, आणि त्याची कल्पना त्या कंपनीच्या गाड्यांत उतरली. त्याने स्प्रिंग, तेलाची नळी आणि चाकास उभे धरणारा आधार ह्या तिन्ही गोष्टी एकाच खांबात आणल्या. जागा वाचली, वजन वाचले, पैसा वाचला. म्हणूनच जगातील लहान मोटारी बहुतेक ह्याच खांबावर उभ्या आहेत. परंतु तीन कामे एकावर सोपविली म्हणजे तो एक थकल्यावर तिन्ही कामे बिघडतात. असा खांब झिजला तर केवळ बसणाऱ्याचे हाल होतात असे नाही; चाक रस्त्यावरून क्षणभर सुटते, सुटलेल्या चाकास ब्रेकही धरता येत नाही व वळणही घेता येत नाही. ओल्या घाटात त्या क्षणाची किंमत फार असू शकते.

आईचे ते वाक्य ऐकल्यावर पुढल्याच रविवारी आम्ही गाडी वाईतील आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी प्रथम कोणतेही हत्यार हाती घेतले नाही. गाडीच्या पुढल्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार घालून एकदम सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. निरोगी गाडी एकदा वर येते आणि जागच्या जागी बसते. नंतर त्यांनी आत वाकून पाहिले. डाव्या नळीवर तेल पाझरून त्यावर धुळीचे पुट चढले होते. उजवी कोरडी होती. टायरावरून तळहात फिरवून त्यांनी आमचाही हात तेथे ठेवला. रबराची झीज सरळ नव्हती. हातास लाटा लागत होत्या. उड्या मारणारे चाक टायर असेच खाते. मग त्यांनी स्टिअरिंग पुरते वळवून वरच्या रबरी बैठकीशी कान लावला. त्या बैठकीस ‘माउंटिंग’ म्हणतात. तिच्यातील बेअरिंग झिजले की वळताना कटकट असा आवाज येतो, आणि तो येत होता. शेवटी गाडी जॅकवर उचलून चाक हलवून पाहिले. बॉल जॉइंट आणि टायरॉड ह्यांचा खडखडाट पुष्कळदा नाहक शॉकअपच्या माथी मारला जातो; आमच्या गाडीत ते दोन्ही शाबूत होते.

निदान झाले. “सर, डावा गेलाय, उजवा जायच्या वाटंवर हाय,” मिस्त्री म्हणाले. “एकच बदलला तर गाडी लंगडी चालंल.” ह्यात विक्रीची हाव नव्हती. एक नळी नवी व एक जुनी असली तर एक बाजू लवकर सावरते, दुसरी मागाहून. ब्रेक लावताच गाडी एकीकडे ओढते, आणि ज्या घाटात एका बाजूस कातळ व दुसऱ्या बाजूस दरी आहे तेथे असे ओढणे परवडत नाही. हे भाग जोडीनेच बदलावयाचे, हा ह्या धंद्यातील जुना दंडक आहे. दोन्ही खांब, दोन्ही माउंटिंगे त्यांच्या बेअरिंगांसह, दट्ट्या तळास आपटू नये म्हणून असणारे रबरी ठोकळे आणि धूळ अडविणारे रबरी बूट अशी यादी झाली. स्प्रिंगा त्यांनी शेजारी शेजारी उभ्या करून मोजल्या. उंची सारखी होती, चीर नव्हती. त्या तशाच ठेवाव्या असे ठरले.

काम वैशाखातल्या एका सकाळी झाले आणि आम्ही ते उभे राहून पाहिले. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक, आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली लोखंडी घोड्या. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून ती आधी मोकळी केली. खालचे बोल्ट गंजलेले होते. आमच्या हवेत ते गंजणारच. त्यांवर तेल सोडून तास-अर्धा तास वाट पाहिली. खांब बाहेर आला तेव्हा मिस्त्रींनी दट्ट्याचा दांडा तळहाताने दाबला. तो निमूटपणे आत गेला आणि आतच राहिला. नवा दांडा दाबला तर तो हळूहळू, जणू आपल्या मर्जीने, परत वर आला.

सर्वांत धोक्याचा भाग स्प्रिंग काढण्याचा. खांबाच्या माथ्यावरचा मधला नट दिसावयास अगदी गरीब दिसतो. परंतु दाबून बसविलेली स्प्रिंग त्याच्याच भरवशावर आत राहिलेली असते. दोन्ही बाजूंनी शिकंजे लावून ती पुरती आवळल्यावाचून त्या नटास हात लावावयाचा नाही. हाताखालच्या पोरास मिस्त्रींनी खांद्यास धरून बाजूला केले आणि म्हणाले, “हिच्या तोंडासमोर कधी उभं राहायचं नाही.” घरच्या घरी पाना घेऊन हे काम करू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट आम्हांस नवीन होती. खालचे रबरी बुशांचे बोल्ट त्यांनी आधी अर्धवट आवळले, आणि गाडी चाकांवर उतरवून तिचा भार पडल्यावर मगच घट्ट केले. चाके लोंबकळत असताना ते आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि थोड्याच दिवसांत फाटते. शेवटी चाकांची दिशा यंत्रावर मोजून घेतली. खांब बदलला की ती थोडी तरी हलतेच, आणि न मोजल्यास नवे टायरही जुन्यांच्याच वाटेने जातात.

ह्या खर्चास घरात विरोध नव्हता असे नाही. आमचे चिरंजीव पुण्यास असतात. ते म्हणाले, “बाबा, सतरा-अठरा वर्षांच्या गाडीला नवे शॉकअप कशाला? तिला पुढे नाकच नाही. समोरून काही आलं तर तुमचे गुडघे हाच तिचा बंपर.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. ह्या गाडीत हवेच्या पिशव्या नाहीत, आणि टक्कर सोसण्याच्या कामी आजच्या गाड्यांशी तिची तुलना होऊ शकत नाही. नवे खांब घालून रस्त्यावरील चाकाची पकड परत येते. परंतु नसलेले नाक उगवत नाही. दुसऱ्या पारड्यात एक सरकते दार होते. शेजाऱ्यांच्या नव्या, उंच गाडीत आईस बसवून पाहिले. तिला चढविण्यास दोघांचे हात लागले, आणि पाठ वाकवून आत शिरताना तिच्या तोंडून जो उद्गार निघाला त्याने प्रश्न निकालात निघाला. ओम्नीच्या सरकत्या दारातून ती कठडा धरून एकटी चढते आणि सरळ मधल्या बाकावर बसते. एकटी चढते, ह्या दोन शब्दांची किंमत ब्याऐंशीव्या वर्षी काय असते हे ज्यांच्या घरी वृद्ध मनुष्य आहे त्यांस सांगावयास नको.

म्हणून बापलेकांनी एक तह केला. ही गाडी पुण्याच्या महामार्गावर न्यावयाची नाही. तिची हद्द डोंगर आणि वाई एवढीच. ताशी पस्तीस-चाळीसच्या वर घाटात जावयाचे नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा पुढची बाजू तपासावयाची, आणि २०२८ साली नोंदणीची मुदत संपेल तेव्हा पुन्हा बसून विचार करावयाचा. जुने ते सोने असे म्हणून डोळे मिटणे आणि जुने म्हणून भंगारात लोटणे ह्या दोहोंपेक्षा हा व्यवहार आम्हांस शहाणपणाचा वाटतो. चिरंजीवांनी तो मान्य केला. पूर्ण मनाने केला असे मात्र म्हणवत नाही.

मृग लागण्यापूर्वी आम्ही आईस घेऊन घाट उतरलो. खड्डे होते तेथेच होते. गाडी प्रत्येकात उतरली, वर आली, आणि गप्प बसली. पाचगणी मागे पडल्यावर आई म्हणाली, “आता हिला पोच आली.” पोच हा शब्द आम्ही माणसांविषयी वापरतो, ज्याला कोठे थांबावे हे कळते त्याला पोच आहे असे म्हणतो. तेलाच्या नळीचे ह्याहून नेमके वर्णन आम्हांस कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. त्या दिवशी दोघी बहिणींनी दुपारी झोप घेतली नाही, बोलत बसल्या. पुढल्या महिन्याचा दिवसही तेथेच ठरला.

ह्या डोंगरावर पूर्वी पावसाळ्याच्या तोंडी घराच्या भिंतींस गवताचे आच्छादन बांधण्याची चाल होती. भिंत पडल्यावर बांधावयाचे ते घर, आणि पडू नये म्हणून बांधावयाचे ते गवत. दुसऱ्या कामाची वाहवा कोणी करीत नाही, कारण ते नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही. तरी ज्यांच्या घरी जुनी गाडी व जुनी माणसे दोन्ही आहेत त्यांनी रोहिणी नक्षत्र संपण्याच्या आत एक सकाळ ह्या कामाकरिता राखून ठेवावी. पुढला कोपरा दाबून सोडावा, नळीवर तेल आहे की काय ते पाहावे, टायरावरून हात फिरवावा. आणि घरातील सर्वांत वृद्ध मनुष्यास मधल्या बाकावर बसवून, एक घाट उतरून, त्याचे मत विचारावे.